पुलगांवचें खग्रास ग्रहण आणि प्रभामंडळाची हिरवी रेषा

शके १८१९ हेमलंबीनाम संवत्सरे पौष वद्य ३० शनिवार, म्हणजे ता. २२ जानेवारी इ. स. १८९८ या दिवशीं दुपारीं जें खग्रास सूर्यग्रहण झालें, त्याचा पट्टा कोंकणच्या किनाऱ्यावरून देशांत शिरून वऱ्हाड व मध्यप्रांत असा तिरपा ईशान्येस गेला. या ग्रहणाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे विजयदुर्गाचें नांव घेतात, आणि तेंही बहुधा चुकीच्या सालाशीं जोडून. वर्धा जिल्ह्यांतील पुलगांवाचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. वास्तविक पाहतां त्या दिवशीं वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर, एकमेकांपासून एका रेल्वे-स्टेशनाच्या अंतरावर, दोन स्वतंत्र मंडळ्या यंत्रें रोखून बसल्या होत्या. आणि ज्या प्रश्नाचें उत्तर काढण्यास त्या आल्या होत्या, तो प्रश्न प्रकाशाच्या लहरी मोजण्याच्या विद्येच्या इतिहासांत मोठ्या महत्त्वाचा आहे. तो प्रश्न कोणता, तो मोजण्याची पट्टी कोठून आली, आणि १८९८ च्या ग्रहणानें काय पदरीं पडलें, इतकेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम विजयदुर्गाचें प्रकरण निकालांत काढूं. लॉकियर यांनी विजयदुर्गावरून १८६८ च्या ग्रहणांत हेलियम शोधून काढला, अशी गोष्ट सर्रास लिहिली व सांगितली जाते. ता. १८ ऑगस्ट हा दिवस हेलियमचा म्हणून तेथें पाळण्याचाही प्रघात पडला आहे. यांत दोन वेगवेगळ्या ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. १८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास ग्रहण दक्षिण हिंदुस्थानांतून गेलें हें खरें. त्या वेळीं फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटुर येथें होते, लेफ्टनंट हर्शेल जमखिंडीस होते व कॅप्टन हेग विजापुरास होते. लॉकियर मात्र त्या वर्षीं इंग्लंडांतच होते. ता. २० ऑक्टोबर १८६८ रोजीं त्यांनी ग्रहणावांचून, आपल्या घरच्या दुर्बिणीस वर्णपटदर्शक जोडून, सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या रेषा पाहिल्या; त्यांतील पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेशीं जुळत नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें आणि पुढें त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हें नांव मिळालें. पृथ्वीवर तें द्रव्य रॅम्से यांस १८९५ मध्यें सांपडलें. लॉकियर विजयदुर्गास आले ते त्यानंतर, १८९८ सालीं. बरोबर इंग्रज आरमाराच्या ‘मेल्पोमीन’ या जहाजावरील खलाशी मदतीस होते. किल्ल्यावर लॉकियरसाहेबाचे म्हणून जे ओटे दाखवितात, ते त्यांचे असतील तर याच सालचे असले पाहिजेत. तीस वर्षांचें हें अंतर लहान नाहीं. कारण या तीस वर्षांतच प्रकाश मोजण्याची कला मुळापासून बदलली.

आतां पुलगांवाकडे वळूं. वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वेगळा काढण्यांत आला. त्याचें पहिलें ठाणें पुलगांवाजवळ कवठा येथें होतें. १८६६ त तें पालकवाडीच्या जागेवर वसविलेल्या नव्या वर्धा शहरीं नेण्यांत आलें. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६७ त नागपुरास पोंचला. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि पुलामुळेंच गांवास पुलगांव हें नांव पडलें. पुढें कापसाचा बाजार, गिरणी, आणि विसाव्या शतकांत दारूगोळ्याचें प्रचंड कोठार, एवढ्यांमुळें हें नांव लोकांस ठाऊक झालें. नदीचा पश्चिम तीर वऱ्हाडांत व पूर्व तीर मध्यप्रांतांत असल्यामुळें जुन्या वृत्तान्तांच्या याद्यांत पुलगांव ‘मध्यप्रांत’ या सदराखालीं आणि पलीकडच्या तीरावरील तळणी ‘वऱ्हाड’ या सदराखालीं येते. यादी वाचणारास हीं दोन ठिकाणें शेंकडों मैल दूर वाटतात. प्रत्यक्षांत तीं एकाच लोहमार्गावरचीं लागोपाठचीं स्टेशनें आहेत, आणि दोन्ही ठिकाणीं त्या दिवशीं आकाश एकच होतें.

ग्रहणाचा मार्ग निश्चित करून ठेवणें हें तेव्हां अवघड राहिलें नव्हतें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ दोनच वर्षांपूर्वीं, १८९६ त, बाहेर पडला होता व सूक्ष्म गणिताच्या पंचांगाचा वाद आपल्याकडे जोरांत होता. ग्रहणाच्या पर्वकाळीं नदीस स्नानाला येणारे लोक आणि दुर्बिणीवाले साहेब यांचें गणितापुरतें एकमत होतें. परदेशी मंडळ्यांस अडचण पडली ती दुसरीच. मुंबई इलाख्यांत प्लेग चालू होता, व मध्यप्रांत १८९६-९७ च्या दुष्काळांतून नुकताच डोकें वर काढीत होता. तरीही जानेवारीचें निरभ्र आकाश आणि मध्यरेषेजवळून जाणारी आगगाडी या दोन सोयी अशा होत्या कीं, पट्ट्याच्या वाटेवर ठिकठिकाणीं तळ पडले. विजयदुर्गास लॉकियर व त्यांचे सहकारी फाउलर. जेऊर येथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्रो. कावसजी दादाभाई नेगमवाला व जपानी मंडळी. तळणीस ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे माँडर पतिपत्नी व एव्हर्शेड. पुलगांवास केंब्रिजचे ह्यू फ्रँक न्यूऑल व रॉयल इंजिनिअर्सचे कॅप्टन हिल्स. नागपूरच्या बाजूस घोगली येथें स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड. आणि पुढें रेवा संस्थानांत शहडोल येथें इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्टी. या यादींत नेगमवालांचें नांव ज्यानें त्यानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याच खटपटीनें उभी राहिली.

न्यूऑल व हिल्स यांनी पुलगांवास आणलेलीं प्रमुख यंत्रें वर्णपटाचीं होतीं, नुसतीं छायाचित्रें काढण्याचीं नव्हेत. असें कां, हें समजण्यास थोडें मागें जाणें भाग आहे.

पवनारास धाम नदीच्या डोहांत एक खडा टाकिला तर वर्तुळें पसरतात. दोन खडे थोड्या अंतरावर एकदम टाकिले तर वर्तुळें एकमेकांतून आरपार जातात. पण जेथें दोहोंचे उंचवटे एकत्र येतात तेथें पाणी दुप्पट उसळतें, आणि जेथें एकाचा उंचवटा व दुसऱ्याचा खळगा एकत्र येतो तेथें पाणी जागच्या जागीं स्तब्ध राहतें. दोन चळवळी मिळून निश्चलता उत्पन्न होते, ही गोष्ट पाण्याच्या बाबतींत कोणासही पटते. प्रकाशाच्या बाबतींत तीच गोष्ट सांगितली तर मन बिचकतें. कारण उजेडांत उजेड मिळविला असतां अंधार व्हावा हें व्यवहाराच्या विरुद्ध दिसतें. तथापि खरें तसेंच आहे. एकाच उगमापासून निघालेले दोन किरण निरनिराळ्या वाटांनीं एका पडद्यावर आले आणि त्यांच्या वाटांत अर्ध्या लहरीचा फरक पडला, तर तेथें काळी रेघ उमटते; पूर्ण लहरीचा पडला तर उजळ. या प्रकारास व्यतिकरण म्हणतात. उगम एकच असला पाहिजे ही अट महत्त्वाची आहे. दोन वेगळ्या दिव्यांच्या लहरी क्षणोक्षणीं आपला मेळ बदलतात. म्हणून घरांत दोन समया लावल्यानें भिंतीवर काळे पट्टे उठत नाहींत.

लंडनच्या टॉमस यंग यांनी १८०१ सालीं हें तत्त्व मांडिलें. त्यांच्या कामांतील जो भाग इतिहासाच्या अभ्यासकास विशेष आवडेल तो असा कीं, लहरींच्या लांबीचे पहिले आंकडे काढतांना त्यांनी न्यूटनच्याच जुन्या मोजणीचा उपयोग केला. सपाट कांचेवर किंचित् फुगीर भिंग ठेविलें असतां मधल्या हवेच्या पापुद्र्यांत रंगीत व काळीं कडीं दिसतात. न्यूटननें त्यांची जाडी अत्यंत काळजीपूर्वक मोजून ठेविली होती, पण प्रकाश कणांचा बनलेला आहे असें तो मानीत असल्यामुळें त्या आंकड्यांचा अर्थ त्यास निराळा लागला. यंग यांनी तेंच जुनें दप्तर उघडून तांबड्या टोकाची लहर इंचाचा सुमारे ३६,००० वा भाग व जांभळ्या टोकाची सुमारे ६०,००० वा भाग असें गणित केलें. दप्तर एक, वाचणारे दोन. ज्यास कागदपत्रें तपासण्याची संवय आहे त्यास यांत नवल वाटणार नाहीं. पुढें फ्रान्समध्यें फ्रेनेल यांनी १८१५ पासून चारपांच वर्षांत या तत्त्वास गणिताची बैठक दिली आणि विरोधकांचीं तोंडें बंद झालीं.

दोन किरणांच्या ऐवजीं शेंकडों किरण एकदम मिळविले तर उजळ रेघा अधिक बारीक व अधिक तीक्ष्ण होतात, आणि मधला काळोख रुंदावतो. हें साधणारें साधन म्हणजे रेखाजाल, समान अंतरावर ओढलेल्या बारीक रेघांची जाळी. याचा उगम प्रयोगशाळेंत झाला नाहीं, कापडांत झाला. आणि कापसाच्या जिल्ह्यासंबंधीं लिहितांना हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अमेरिकेंतील एका गृहस्थानें रस्त्यावरचा दूरचा दिवा रेशमी हातरुमालांतून पाहिला. दिव्याभोंवतीं रांगेनें मांडलेले ठिपके दिसले, आणि रुमाल हालविला तरी ते जागचे हालेनात. त्यानें ही गोष्ट फिलाडेल्फियाचे रिटनहाउस यांस कळविली. त्यांनी १७८५ सालीं बारीक स्क्रूंच्या आट्यांत केंस ताणून पहिली जाळी केली. यंगच्याही आधींची ही गोष्ट. परंतु लहरींचें तत्त्व हातीं नसल्यामुळें तिचा पाठपुरावा झाला नाहीं.

वाचकांस हा प्रयोग घरीं करतां येईल. इंचांत सुमारे ८० धागे असलेलें चांगलें विणलेलें झिरझिरीत कापड डोळ्यांपुढें ताणून धरावें आणि शंभर हातांवरील एकुलत्या दिव्याकडे रात्रीं पाहावें. दिव्याच्या चारी बाजूंस फुलीसारखे ठिपके दिसतील. दिव्याच्या जागीं मोजल्यास त्यांतील अंतर सुमारे तीन इंच भरेल, व प्रत्येक ठिपक्याची आंतली कड निळसर व बाहेरची तांबूस असेल. उभ्या धाग्यांनीं आडवी रांग होते व आडव्यांनीं उभी. धाग्यांतील अंतर आणि ठिपक्यांतील अंतर ठाऊक झालें कीं त्रैराशिकानें लहरीची लांबी निघते. धागे जितके दाट तितके ठिपके दूर पडतात, आणि रंगही तितके अधिक पसरतात.

म्यूनिचच्या फ्राउनहोफर यांनी १८२१ च्या सुमारास ताणलेल्या तारांच्या व नंतर कांचेवर हिऱ्यानें ओढलेल्या रेघांच्या जाळ्या करून हेंच त्रैराशिक सूर्यप्रकाशांतील काळ्या रेषांस लाविलें. स्वीडनमधील अप्सालाच्या ओंगस्ट्रॉम यांनी १८६८ त सूर्याच्या सुमारे हजार रेषांच्या लांब्या छापल्या. मीटरचा एक हजार कोटीवा भाग हें त्यांचें परिमाण पुढें त्यांच्याच नांवानें रूढ झालें. गमतीची गोष्ट अशी कीं, त्यांची मोजणी निर्दोष होती, पण ज्या मीटरपट्टीवर तिचा आधार होता ती पट्टीच किंचित् खोटी निघाली, आणि सगळे आंकडे सारख्या प्रमाणांत दुरुस्त करावे लागले. १८८२ पासून अमेरिकेच्या रोलंड यांनी इंचास १४,४३८ रेघा ओढणारें यंत्र चालवून अंतर्गोल धातूवर जाळ्या तयार केल्या व १८९५ ते १८९७ या काळांत सूर्याच्या हजारों रेषांची यादी प्रसिद्ध केली. याच सुमारास, १८९२-९३ त, मायकेलसन यांनी पॅरिसजवळ सेव्हर येथें प्रमाण मीटरच कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या लहरींनीं मोजला. एका मीटरांत त्या १५,५३,१६३·५ भरल्या. तेव्हांपासून लहरीची लांबी पट्टीनें मोजावयाची कीं पट्टी लहरीनें मोजावयाची, हा प्रश्नच उलटला. १९६० ते १९८३ या काळांत तर मीटरची अधिकृत व्याख्याच क्रिप्टॉनच्या एका नारिंगी रेषेच्या लहरींवरून करण्यांत येत असे.

सारांश, १८६८ त सूर्याकडे पाहणाराजवळ जी पट्टी नव्हती ती १८९८ त प्रत्येकाच्या पेटाऱ्यांत होती. पुलगांवच्या तळावर वर्णपट घेतला काय किंवा विजयदुर्गास घेतला काय, पट्टावरील रेषा वाचावयाची ती रोलंडच्या यादीशीं ताडून. लोलकानें प्रकाश पसरतो, पण किती पसरतो हें लोलकाच्या कांचेवर अवलंबून असतें. म्हणून लोलकानें पसरलेल्या पट्टाचीही वाचणी शेवटीं जाळीच्या, अर्थात् व्यतिकरणाच्या, आंकड्यांवरच येऊन ठेपते.

आतां मुख्य वादाची रेषा. संमीलन झाल्यावर, म्हणजे सूर्यबिंब पूर्ण झांकल्यावर, जें मोत्यासारखें पांढरें प्रभामंडळ दिसतें त्याच्या वर्णपटांत एक हिरवी तेजस्वी रेषा आहे. ७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणांत अमेरिकेंत यंग (हे चार्ल्स यंग, टॉमस यंग नव्हेत) व हार्कनेस या दोघांस ती स्वतंत्रपणें दिसली. त्या काळीं किर्खोफ यांनी लोलकाच्या साह्यानें केलेला सूर्यरेषांचा नकाशा प्रमाण मानीत. त्यांतील आंकडे लहरींच्या लांबीचे नव्हते, त्या विशिष्ट यंत्राच्या पट्टीवरचे मनःपूत खुणांचे होते. यंगनें हिरवी रेषा या नकाशांतील १४७४ व्या खुणेवर बसविली. आणि ती खूण किर्खोफनें लोखंडाच्या नांवावर लिहून ठेविली होती. सूर्याच्या बाहेर इतक्या दूरवर लोखंडाची वाफ, आणि लोखंडाच्या शेंकडों रेषांपैकीं ही एकटीच रेषा! कोणासच ही गोष्ट पटेना. ती रेषा लोखंडाची नसून कांहीं नव्या अज्ञात द्रव्याची असावी, असें म्हणतां म्हणतां त्या द्रव्यास ‘कोरोनियम’ हें नांवही मिळालें. पण रेषेची जागा मात्र १४७४ हीच चालत राहिली. लहरींच्या मापांत ती सुमारे ५३१७ ओंगस्ट्रॉम येते. एकानें लिहिलें तें दुसऱ्यानें उतरलें व तिसऱ्यानें प्रमाण मानिलें. जुन्या बखरींतील शकांच्या चुका अशाच वाढतात.

न्यूऑल यांचें पुलगांवास येण्याचें प्रयोजन या रेषेच्या जागेपेक्षां तिच्या सरकण्याशीं अधिक निगडित होतें. सूर्य आपल्या आंसाभोंवतीं फिरतो. त्याची पूर्व कड आपल्याकडे येत असते व पश्चिम कड दूर जात असते. प्रभामंडळही त्याबरोबर फिरतें कीं स्थिर राहतें? १८९३ च्या ग्रहणांत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पाहून देलांद्र यांनी तें फिरतें असा निष्कर्ष काढिला होता. येणाऱ्या उगमाची लहर आंखूड होते व जाणाऱ्याची लांबते. दोन्ही कडांच्या प्रभामंडळाचे वर्णपट शेजारीं शेजारीं घेतले तर फरक कळावा, अशी योजना होती. हा फरक किती सूक्ष्म, तें पाहण्यासारखें आहे. विषुववृत्ताजवळ सूर्याची कड सेकंदास सुमारे दोन किलोमीटर वेगानें चालते, व प्रकाश तीन लक्ष. म्हणजे ५३०० च्या आसपासच्या रेषेंत एका कडेस ओंगस्ट्रॉमच्या तिसाव्या भागाएवढा, व दोन्ही कडा मिळून पंधराव्या भागाएवढा फरक. तो दाखविण्यास प्रकाश अनेक लोलकांतून पुष्कळ पसरावा लागतो. आणि पसरला म्हणजे विरळ होतो. सर्व खेळ सुमारे दोन मिनिटांचा. पौर्णिमेच्या चंद्राच्या तोडीचा प्रभामंडळाचा एकंदर उजेड. त्याचा एक बारीक काप चिरेंतून आंत घ्यावयाचा, तो हातभर पसरावयाचा, आणि त्यांत एका रेषेची किंचित् हालचाल शोधावयाची. न्यूऑल यांस पुलगांवच्या कांचेवर हवें तें उत्तर मिळालें नाहीं. त्यांनी पुढील ग्रहणांत, १९०० त अल्जीरियास व १९०१ त सुमात्रास, हाच प्रश्न पुन्हां हातीं घेतला. जो मनुष्य एका प्रश्नासाठीं दोन खंडांत हिंडतो त्याच्या पहिल्या अपयशाची नोंद यशाच्या नोंदीइतकीच जपावी, असें आमचें मत आहे.

हिल्स यांचें काम सूर्याच्या कडेवरच्या रंगावरणाचा वर्णपट टिपण्याचें होतें. संमीलनाच्या क्षणीं व उन्मीलनाच्या क्षणीं काळ्या रेषांचा पट एकाएकीं पालटून चकाकत्या रेषांचा होतो. हा चमत्कार दोनचार सेकंदच टिकतो. पलीकडच्या तीरावर एव्हर्शेड हेंच करीत होते. त्यांच्या तळणीच्या छायाचित्रांत हैड्रोजनच्या रेषांची मालिका जेथें संपते त्यापुढें जांभळ्यापलीकडे एक अखंड उजळ पट्टा सांपडला, आणि पुढील काळांत हैड्रोजनच्या अणूचा अभ्यास करणारांस तो फार उपयोगी पडला. हेच एव्हर्शेड नंतर कोडाइकनाल वेधशाळेचे प्रमुख झाले. तळणीसच श्रीमती माँडर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्यानें प्रभामंडळाचा एक अत्यंत लांब किरण टिपला. मोठमोठ्या दुर्बिणी जवळ असणारांस तो साधला नव्हता.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें जरूर आहे. खग्रासापूर्वीं व नंतर कांहीं क्षण पांढऱ्या भिंतीवर किंवा जमिनीवर काळसर व उजळ पट्टे लाटांप्रमाणें सरकतांना पुष्कळ वेळां दिसतात. काळे व उजळ पट्टे म्हणजे व्यतिकरणच, असें समजून चंद्राच्या कडेवरून वांकणाऱ्या लहरींचा हा खेळ असल्याचें पूर्वीं अनेकांनीं लिहिलें. हिशेब केला तर हें टिकत नाहीं. चंद्राचें अंतर व लहरीची लांबी घेऊन असे पट्टे काढले तर ते एकमेकांपासून कित्येक मीटर दूर पडावे. प्रत्यक्षांत पट्टे कांहीं इंचांच्याच अंतरावर असतात. शिवाय सूर्याची कोर ठिपक्यासारखी नसल्यामुळें चंद्राच्या कडेचे खरे पट्टे एकमेकांत मिसळून नाहींसेच होतील. जमिनीवर दिसतात त्या आपल्याच हवेंतील उष्णशीत थरांनीं पाडलेल्या सांवल्या. तारे लुकलुकतात त्याच कारणानें त्या हालतात. पट्टे दिसले म्हणून व्यतिकरण झालें असें नव्हे. आंकडा जुळला पाहिजे.

आंकडा जुळविण्याचें हेंच काम १८९८ च्या ग्रहणानें हिरव्या रेषेच्या बाबतींत केलें. विजयदुर्गास चिरेवांचून लोलकाच्या कॅमेऱ्यानें घेतलेल्या छायाचित्रांत प्रत्येक रेषा कड्याच्या रूपानें उमटली होती. त्यांत रंगावरणाचे तुटक कंस व प्रभामंडळाचें सबंध हिरवें कडें वेगवेगळे ओळखतां आले. शेजारच्या ओळखीच्या रेषांच्या लांब्या घेऊन त्या कड्याची लांबी काढली ती ५३१७ न येतां सुमारे ५३०३ आली. जेऊरच्या मोजणींतही हाच आंकडा निघाला. ५३१७ वरची रेषा होतीच, पण ती खालच्या रंगावरणाची होती. एकोणतीस वर्षें निरीक्षक घाईच्या दोन मिनिटांत तिला प्रभामंडळाच्या रेषेवर लादीत आले होते. चौदा ओंगस्ट्रॉमचा फरक म्हणजे मीटरच्या सत्तर कोटीव्या भागाच्या आसपास. एवढ्या फरकानें लोखंडाचा दावा फेटाळला गेला आणि ‘कोरोनियम’चा दावा बळावला.

परंतु निकाल येथें संपला नाहीं. त्या पट्ट्यावरच्या सर्व मंडळ्यांपैकीं कोणासही सुचलें नसतें असें वळण पुढें लागलें. विसाव्या शतकांत मूलद्रव्यांचा तक्ता भरत गेला आणि कोरोनियमला बसावयास जागाच उरली नाहीं. मेघनाद साहा यांनी १९२० त तारकांतील अणूंचे इलेक्ट्रॉन उष्णतेनें कसे गळतात याचें गणित दिलें, आणि परिचित द्रव्यही अपरिचित रेषा कां देईल हें समजूं लागलें. १९३९ त ग्रोट्रियान यांनी प्रभामंडळाच्या दोन रेषांसंबंधीं सूचना केली व १९४० नंतरच्या दोनतीन वर्षांत स्वीडनचे एडलेन यांनी सिद्ध केलें कीं, ५३०३ ची हिरवी रेषा लोखंडाचीच आहे; मात्र साध्या लोखंडाची नव्हे, तर सव्वीसांपैकीं तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. इतके इलेक्ट्रॉन गळावयास दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. सूर्याच्या पृष्ठाची उष्णता साडेपांच हजार अंश, आणि त्याबाहेरील विरळ प्रभामंडळाची दहा लाखांवर! किर्खोफच्या नकाशांतील ‘लोखंड’ हा शब्द खरा ठरला, पण ज्या रेषेपुढें तो लिहिला होता ती रेषा दुसरीच होती. चुकीच्या कागदावरून बरोबर नांव निघावें, याचें दुसरें इतकें नामी उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

रेषा लोखंडाची ठरल्यावर ती किती रुंद आहे यास महत्त्व आलें; कारण अणू जितके उष्ण तितके ते अधिक वेगानें इतस्ततः धांवतात व रेषा तितकी रुंदावते. रुंदी मोजण्यास जाळीपेक्षांही तीक्ष्ण साधन हवें, व तें व्यतिकरणाचेंच पण दुसऱ्या प्रकारचें आहे: अर्धवट आरशांसारख्या दोन समांतर कांचा, ज्यांच्यामध्यें किरण पुनःपुन्हां मागेंपुढें होऊन शेवटीं बारीक उजळ कड्यांची माळ पाडतो. १८९७ पासून फाब्री व पेरो या फ्रेंच जोडीनें हें साधन पुढें आणिलें. १६ फेब्रुवारी १९८० चें खग्रास ग्रहण कर्नाटकांतून गेलें, तेव्हां अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या मंडळीनें गदग येथें हेंच साधन हिरव्या रेषेवर रोखलें. पुलगांवास न्यूऑलनीं ज्या प्रकाशाचा एक काप चिरेंत पकडूं पाहिला, तोच प्रकाश येथें संबंध प्रभामंडळावर एकांत एक अशा उजळ व काळ्या कड्यांत मांडला गेला. प्रत्येक कड्याच्या रुंदींतून त्या जागचें तपमान व कड्याच्या सरकण्यांतून त्या जागचा वेग वाचावयाचा. न्यूऑलचाच प्रश्न, पण ब्याऐंशी वर्षांनंतर आणि अधिक बारीक पट्टी घेऊन.

महाराष्ट्रांत आतां या विद्येचें आणखी एक ठाणें होत आहे. हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ चारचार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचें लेसर-व्यतिकरणमापक उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. तेथें मोजावयाची गोष्ट सूर्याची नसून दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींनीं अवकाशांत उठणाऱ्या कंपनांची आहे. अमेरिकेंत असें कंपन १४ सप्टेंबर २०१५ रोजीं प्रथम पकडलें गेलें. भुजांतून परतणारे दोन किरण असे मिळवितात कीं बाहेर पडतांना जवळजवळ अंधार व्हावा, आणि त्या अंधारांत जो किंचित् उजेड डोकावेल तोच पुरावा. त्याचा वृत्तान्त हा स्वतंत्र विषय आहे.

प्रस्तुत लेखापुरत्या तीन दुरुस्त्या जिल्ह्यांच्या इतिहासांत व शाळांच्या पुस्तकांत व्हाव्या, अशी विनंती आहे. विजयदुर्गास लॉकियर आल्याचें साल १८६८ नसून १८९८ लिहावें. त्यांचें तेथील मुख्य काम हेलियम नसून हिरव्या रेषेची लांबी हें समजावें. आणि वर्धा जिल्ह्याच्या प्रकरणांत, कवठ्याच्या जुन्या ठाण्याच्या व रेल्वेच्या पुलाच्या उल्लेखानंतर, पौष वद्य अमावास्येच्या त्या शनिवारीं न्यूऑल व हिल्स पुलगांवास होते आणि नदीपलीकडे तळणीस एव्हर्शेड व माँडर दांपत्य होतें, एवढी ओळ घालावी.